मनाला बसलेला धसका: माणूस त्यातून पूर्ण बरं होतं का?

(मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी अभ्यासपाठ)



मागच्या काही महिन्यांत वेळापूर आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकांना फिरताना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. "मॅडम, एवढा मोठा धक्का बसल्यावर माणूस परत पहिल्यासारखं होतं का हो?" कुणी अपघातात नवरा गेलेल्या जावेबद्दल विचारत होतं. कुणी घरात वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या मैत्रिणीबद्दल. कुणी पुराच्या रात्री पत्र्यावर बसून काढलेल्या आपल्याच आईबद्दल. आणि विचारून झालं की बहुतेक जणी उत्तरही स्वतःच देत होत्या, "आता काय, असंच चालायचं."

हे "असंच चालायचं" फार महाग पडतं. ते एकदा मान्य केलं की दवाखान्यात कुणी जात नाही, घरचे प्रयत्न सोडून देतात आणि ती बाई हळूहळू गटातून, शेजारातून, सगळ्यांतून बाजूला पडते. म्हणून या महिन्याचा पाठ याच प्रश्नावर घेतला आहे.

उत्तर आधीच सांगते. हो, माणूस बरं होतं. पुष्कळ जण पूर्ण बरे होतात. काही जण बऱ्याच अंशी बरे होतात, थोडा त्रास अधूनमधून राहतो. काहींना वर्षानुवर्षं त्रास होतो, पण योग्य उपचार मिळाले तर त्यांचंही जगणं खूप सुधारतं. आता हे कसं, ते नीट समजून घेऊ.

१. हा आजार आहे तरी काय?

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. मराठी पुस्तकांत 'आघातोत्तर ताण विकार' असं मोठं नाव आहे. आपण साधं म्हणू, मनाला बसलेला आणि न निघालेला धसका.

अपघात, पूर, आग, भूकंप, मारहाण, बलात्कार, डोळ्यांसमोर कुणाचा मृत्यू, अशा प्रसंगानंतर झोप उडणं, रडू येणं, भीती वाटणं हे कुणालाही होतं. तो आजार नाही. मन त्या प्रसंगातून बाहेर यायचा प्रयत्न करत असतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दर १०० माणसांतल्या सुमारे ७० जणांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो. त्या प्रसंगातून गेलेल्यांपैकी शंभरात पाच-सहा जणांनाच पुढं हा आजार होतो. लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्येही जास्त असतं.

एक महिना उलटून गेला तरी पुढच्या चार गोष्टी कमी होत नसतील, आणि रोजचं काम अडत असेल, तर आजाराची शंका घ्यायची:

- प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं. नुसती आठवण नाही, तर आत्ताच घडतंय असं वाटणं. तशीच स्वप्नं पडणं, घाम फुटणं, छाती धडधडणं.
- टाळणं. तो रस्ता, ती माणसं, तो विषय, तो आवाज, सगळं टाळत राहणं.
- सतत सावध असणं. भांडं पडलं तरी दचकणं, झोप न लागणं, लहानसहान गोष्टीवर चिडणं.
- मन बदलून जाणं. "माझ्यामुळंच झालं" असं वाटणं, कुणावर विश्वास न उरणं, आनंदाच्या कार्यातही काहीच न वाटणं.

एक उदाहरण घेऊ. ही कुणा एकीची गोष्ट नाही. तीन-चार गावांत ऐकलेल्या गोष्टींची मोट बांधून पाठासाठी केलेलं उदाहरण आहे, त्यामुळं ही कोण असेल याचा शोध घेऊ नका. एका ताईचे मालक गाळप हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी येत होते. रस्त्यात उसाचा ट्रेलर उभा होता, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ते जागीच गेले. ताईंनी ते तिथं जाऊन डोळ्यांनी बघितलं. दीड वर्ष झालं. उसाचा ट्रॅक्टर वाजला की त्या हातातलं काम टाकून आत जातात. बाजाराला मुलाला पाठवतात. बैठक रस्त्यापलीकडच्या समाजमंदिरात असते म्हणून येत नाहीत. हप्ता भाचीच्या हातून येतो. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. गटातल्या बाया म्हणतात हिला आता गटाची गरज राहिली नाही. वहीत मात्र गैरहजेरीचा दंड चढत चालला आहे.

आता वरच्या चार खुणा या ताईंना लावून बघा. चारही दिसतात की नाही?

२. धसका निघत का नाही?

रानातल्या वस्तीवर राखणीला कुत्रा असतो. एकदा मोठी चोरी झाली की तो नंतर पानं हलली तरी भुंकतो. कुत्रा वाईट नसतो. तो आपलं कामच करत असतो, फक्त कुठं भुंकायचं आणि कुठं गप्प बसायचं हे त्याला कळेनासं झालेलं असतं. आपल्या मेंदूतही धोका ओळखणारा असा राखणदार आहे. मोठ्या आघातानंतर तो ट्रॅक्टरचा साधा आवाज आणि खरा धोका यातला फरक विसरतो. दोन्हीला सारखाच भुंकतो. अंगाला घाम, छातीत धडधड, पळून जावंसं वाटणं हे त्या भुंकण्यामुळं.

म्हणून "मन घट्ट कर", "विसरून जा" असं सांगून काही होत नाही. त्या ताई मनानं कच्च्या नाहीत. राखणदाराला पुन्हा शिकवावं लागतं, आणि तो शिकतो, हीच यातली चांगली बातमी आहे. टाळत राहिलं तर मात्र त्याला शिकायची संधीच मिळत नाही. त्या ताई आवाज आला की आत पळतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आवाज येऊनही काही वाईट झालं नाही हे राखणदाराला कधी कळतच नाही. म्हणून धसका वर्षानुवर्षं तसाच राहतो.

३. किल्लारीनं काय शिकवलं?

आपल्या शेजारचंच मोठं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, या पट्ट्यातली गावंच्या गावं बसली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आलं. वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजार माणसं गेली. सोलापूर जिल्ह्यातही तो हादरा जाणवला होता. आपल्या गटांतल्या वयस्कर ताईंना ती पहाट आठवत असेल, त्यांना बैठकीत जरूर विचारा. पण सांगायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा.

भूकंपानंतर मानसोपचार तज्ज्ञांनी वाचलेल्या काही लोकांची तपासणी केली. तिचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना मानसिक आजार आढळला. त्यात आपण बोलतोय तो आघाताचा आजार आणि नैराश्य, हे दोन सगळ्यांत जास्त होते. बायकांमध्ये आणि घरदार गेलेल्यांमध्ये त्रास अधिक दिसला. पुढं पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या परिणामांचा अभ्यास केला. त्या कामाचं नेतृत्व डॉ. मोहन आगाशे यांच्याकडं होतं. होय, नाटक-सिनेमातले तेच आगाशे. ते मुळात मानसोपचार तज्ज्ञ आहेत. आपल्याकडं आपत्तीनंतर भांडी, धान्य, पत्रे यांच्याबरोबर मनाचाही विचार करावा लागतो, हे या भूकंपानं ठळकपणे दाखवून दिलं.

आता त्या लोकांचं पुढं काय झालं? सगळे कायमचे मोडून पडले का? नाही.

आईवडील गेलेल्या, घर गेलेल्या मुलांपैकी सुमारे १२०० मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शाळा आणि राहण्याची सोय केली. मुलांना रोजची ठरलेली वेळ, शाळा, सोबती आणि लक्ष देणारी मोठी माणसं मिळाली.

बायकांची गोष्ट तर आपल्या फार जवळची आहे. पडलेली गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याशिवाय हजाराहून अधिक गावांत तडे गेलेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं शासनाला पटवून दिलं की हे काम गावातल्या बायकांना सोबत घेऊन व्हावं. गावागावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. भूकंपात न पडणारं घर कसं बांधायचं हे त्या शिकल्या, घरोघरी जाऊन समजावलं, कामावर नजर ठेवली. ज्यांना छताखाली झोपायची भीती वाटत होती त्याच बायका छत कसं धरून राहतं हे दुसऱ्यांना सांगू लागल्या. त्याच कामातून पुढं बचत गट वाढले. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घर बांधलं किंवा गट काढला म्हणून आजार बरा झाला, असं म्हणणं बरोबर नाही. आजाराला उपचारच लागतात. पण २००७ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून, मोठ्या आघातानंतर माणसाला सावरायला कशाची मदत होते ते पाच गोष्टींत मांडलं: सुरक्षित वाटणं, मन शांत होणं, आपल्या आणि एकमेकींच्या हातून काही होऊ शकतं हा विश्वास, माणसांची सोबत आणि आशा. किल्लारीच्या बायकांच्या कामात या पाचातल्या किती गोष्टी होत्या, ते बोटांवर मोजा. आणि मग बघा, आपल्या गटाजवळ यातलं काय काय आहे.

४. 'पूर्ण बरं' म्हणजे काय?

इथंच आपली सगळ्यांत मोठी गफलत होते. पूर्ण बरं म्हणजे काहीच आठवत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, माणूस अगदी पहिल्यासारखं, असं आपण समजतो. तसं कुणाचंच होत नाही. किल्लारीत आजही दरवर्षी ३० सप्टेंबरला गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. आठवण काढून रडणारी माणसं आजारी नसतात. त्यांना दुःख आहे, आणि दुःख हा आजार नाही.

जुनी भाजल्याची जखम आठवा. ताजी असते तेव्हा वारा लागला तरी जीव जातो. भरून आली की डाग राहतो, पण त्या हातानं आपण भाकरी थापतो. 'पूर्ण बरं' म्हणजे हे. आठवण येते, पण ती आली म्हणून दिवस वाया जात नाही. रात्रीची झोप लागते. टाळलेला रस्ता चालता येतो. पोरांवर विनाकारण ओरडणं थांबतं. हसू येतं आणि हसल्याचा अपराध वाटत नाही.

किती जण असे बरे होतात? जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा आजार झालेल्यांपैकी शंभरात चाळीसपर्यंत लोक वर्षभरात बरे होतात. उपचार घेतले तर बरं होण्याची शक्यता वाढते. पण आपल्यासारख्या देशांत चारांतला एकच जण उपचारांसाठी कुणाकडं तरी जातो. म्हणजे पुष्कळ जणांचा आजार बरा न होण्यासारखा नसतो, तो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

तीन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

एक, बरं होणं सरळ रेषेत होत नाही. चार महिने चांगले जातात आणि वर्षश्राद्ध जवळ आलं, किंवा गावात दुसरा अपघात झाला, की त्रास पुन्हा उसळतो. त्याचा अर्थ सगळं पाण्यात गेलं असा नाही. पहिल्यांदा शिकलेलं दुसऱ्यांदा लवकर कामाला येतं.

दोन, काहींना त्रास उशिरा सुरू होतो. सहा महिने सगळं निभावून नेलेली बाई सातव्या महिन्यात कोलमडते. "तेव्हा तर काही नव्हतं, आता नाटक करते" असं म्हणू नका.

तीन, धोका चालूच असेल तर धसका निघत नाही. रोज मार बसतोय त्या घरात राहून मारहाणीच्या आजारातून बरं होणं फार कठीण. तिथं आधी सुरक्षितता बघायची. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे.

५. उपचार कसे असतात?

पहिला उपचार बोलण्याचा. प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचार तज्ज्ञ आठवड्यातून एकदा, साधारण ८ ते १२ वेळा भेटतात. काहींना जास्त लागतं. त्यात त्या प्रसंगाबद्दल सुरक्षित जागी, आपल्याला झेपेल तेवढं बोलायचं असतं. "माझ्यामुळंच झालं" यासारखे विचार तपासून बघायचे असतात. आणि टाळलेल्या गोष्टींकडं पायरी-पायरीनं जायचं असतं. आपल्या उदाहरणातल्या ताईंना कुणी एकदम रात्री त्या वळणावर नेऊन उभं करणार नाही. आधी अंगणात बसून लांबचा ट्रॅक्टर ऐकायचा. मग दिवसा जावेसोबत रस्त्याकडेला थांबायचं. मग रस्ता ओलांडून बैठकीला यायचं. प्रत्येक पायरीवर राखणदार थोडा वेळ भुंकतो आणि मग गप्प होतो. गप्प होईपर्यंत थांबायचं, हेच शिक्षण. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून केली जाणारी ईएमडीआर नावाची एक पद्धतही आहे, तिचाही चांगला उपयोग होतो.

दुसरा उपचार गोळ्यांचा. काहींना डॉक्टर उदासी आणि भीती कमी करणाऱ्या गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं तरी त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची सवय लागते असा आपल्याकडं समज आहे. सवय लागण्याची भीती असते ती झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांची. त्या दुकानातून आपल्या मनानं आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांना न विचारता मध्येच बंदही करू नये.

देवाधर्माबद्दलही बोलू, कारण प्रश्न येतोच. अर्धनारी नटेश्वराच्या देवळात जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जावं. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा चार पावलं चालून जीव हलका होत असेल तर फारच चांगलं. पण बाहेरचं लागलंय म्हणून कुणी मारझोड करत असेल, उपाशी ठेवत असेल, औषध बंद करायला लावत असेल तर ते थांबवायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

६. गटानं काय करायचं, काय टाळायचं?

आपण डॉक्टर नाही. पण उपचाराला जायच्या आधी आणि नंतर त्या बाईच्या आजूबाजूला आपणच असतो.

हे करा:

- सतत दोन-तीन बैठका गैरहजर असेल तर आधी दंड लावू नका. दोघी जणी घरी जा. ज्यांच्याशी तिचं पटतं अशाच दोघी.
- "काय झालं ते सांग" असं खोदून विचारू नका. "कशी आहेस, जेवलीस का, काही मदत लागते का" इथून सुरुवात करा. ती बोलली तर ऐका, गप्प बसली तर सोबत बसा.
- काम वाटून घ्या. दवाखान्यात कुणी सोबत जायचं, त्या दिवशी जनावरं आणि पोरं कुणी बघायची, हे ठरवा. पुष्कळ जणींचे उपचार एसटीचं भाडं आणि सोबत नसल्यामुळं सुटतात.
- कर्जाचा हप्ता अडला असेल तर गटात बोलून मुदत वाढवा आणि तसा ठराव लिहा. ठरावात 'आजारपण' एवढंच लिहा, कारण लिहू नका.
- लहानसं काम तिच्या हातात द्या. वहीत सह्या घेणं, चहाचं बघणं. तिला गरज आहे तशी गटालाही तिची गरज आहे, हे तिला दिसू द्या.

हे टाळा:

- "दुसऱ्यांचं बघ, त्यांचं तर अजून वाईट झालं" ही तुलना.
- सगळ्यांसमोर प्रसंग सांगायला लावणं. नको असताना लगेच सगळं बोलायला लावल्यानं फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो.
- घरात ऐकलेलं पाणवठ्यावर सांगणं. एकदा बाहेर गेलं की ती परत कुणाजवळ बोलणार नाही.

आणि एक महत्त्वाचं. ती "जगून काय करू" असं बोलू लागली, निरवानिरव करू लागली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार मनात येतोय का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

७. जायचं कुठं?

- टेलिमानस, फोन १४४१६. केंद्र शासनाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या माणसानंही फोन केला तरी चालतो.
- आपल्या आशाताई आणि जवळचं आरोग्य केंद्र. तिथून पुढं कुठं पाठवायचं ते सांगतात.
- सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते. तिथं मानसोपचार विभाग आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी व्यवस्थेत मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आपला हक्क आहे, आणि आपली माहिती गुप्त ठेवली जाणं हाही. "गावात कळलं तर पोरीचं लग्न जमणार नाही" या भीतीनं कुणी थांबली असेल तर तिला हे नक्की सांगा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात गेल्या वर्षभरात कुणी अचानक यायची बंद झाली का? आपण तिच्याबद्दल काय बोललो आणि तिच्याशी काय बोललो? (चर्चा आपल्या वागण्यावर करा, तिच्या घरच्या गोष्टींवर नको.)

२. सुरक्षितता, शांतपणा, हाताला बळ, सोबत, आशा. या पाचातल्या कोणत्या दोन गोष्टी आपला गट आजपासून देऊ शकतो?

३. गैरहजेरीच्या दंडाच्या नियमात आजारपण आणि घरातली दुर्घटना यासाठी सूट आहे का? नसेल तर याच बैठकीत ठराव घ्या.

४. गाळप हंगाम सुरू होण्याआधी उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावावा, यासाठी ग्रामसंघानं ग्रामपंचायतीला आणि कारखान्याला पत्र द्यायचं का? धसका बसल्यावर उपचार करण्यापेक्षा तो बसूच नये यासाठी करता येण्यासारखं हे एक काम आहे.

ठराव झाला की त्याची नक्कल पुढच्या महिन्याच्या अहवालासोबत संघाच्या कार्यालयात द्या. आणि १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर, हप्त्याच्या तारखेच्या शेजारी, आजच लिहून ठेवा.

आपली,
क्षेत्र समन्वयक, वेळापूर